पोटाच्या आजारांची डॉक्टरी भाषा: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

जीएनएमला (नर्सिंगच्या पदविकेला) नुकताच प्रवेश घेतला असेल, रुग्णालयाच्या विमा कक्षात किंवा रेकॉर्ड विभागात नवे लागला असाल, किंवा मेडिकल कोडिंगचा कोर्स सुरू केला असेल, तर पोटाच्या आजारांचे शब्द पहिल्याच आठवड्यात समोर येतात. दहावी-बारावी मराठी माध्यमातून झालेली असेल तर 'कोलेडोकोलिथियासिस' बघून धडकी भरणं साहजिक आहे. पण हे शब्द पाठ करायचे नसतात, सुटे करायचे असतात. अवयवांची पंचवीसेक मुळं, वीसेक प्रत्यय आणि दहा-पंधरा उपसर्ग एवढं भांडवल पक्कं झालं की पोटाच्या विभागातले बहुतेक शब्द पहिल्यांदा पाहिले तरी उकलतात.

काय काय जवळ हवं

- दोनशे पानी वही. चार रकाने आखा: शब्द (इंग्रजी स्पेलिंगसह), तुकडे, अर्थ, रुग्ण त्याला काय म्हणतो. चौथा रकाना बहुतेक जण गाळतात आणि पुढे तिथेच अडतात.
- पचनसंस्थेचा एक मोठा, नावं न लिहिलेला तक्ता. नावं तुम्ही भरायची.
- जुनी डिस्चार्ज कार्डं आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट, आठ-दहा. नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, फोन आधी काळ्या पेनाने खोडा आणि मग त्याची झेरॉक्स काढा. नुसतं खोडलेलं उजेडात धरलं की वाचता येतं. वॉर्डातल्या फाइलचे फोटो मोबाइलमध्ये साठवू नका.
- एखादा मेडिकल शब्दकोश. मराठी प्रतिशब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, पण त्यातले सगळेच शब्द वॉर्डात बोलले जात नाहीत हे ध्यानात ठेवा.
- आयसीडी-10 ची यादी, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडची. जागतिक आरोग्य संघटनेच्या संकेतस्थळावर ती फुकट पाहता येते.

1. घास जातो त्या वाटेने मुळं लावा

वर्णक्रमाने यादी पाठ करू नका. तोंडापासून गुदद्वारापर्यंत चला:

तोंड स्टोमॅटो, जीभ ग्लॉसो, लाळ सियालो, अन्ननलिका इसोफॅगो, जठर गॅस्ट्रो, लहान आतड्याचा पहिला भाग ड्युओडेनो, मधला जेजुनो, शेवटचा इलिओ. मग मोठं आतडं: त्याची सुरुवात सीको, अपेंडिक्स अपेंडिको, मुख्य भाग कोलो, शेवटचा वळणदार भाग सिग्मॉइडो, गुदाशय रेक्टो. गुदद्वार-गुदाशय मिळून प्रॉक्टो. 'एंटेरो' म्हणजे आतडं, पण वापरात बहुतेक वेळा लहान आतडं.

वाटेच्या कडेला बसलेले अवयव वेगळ्या पानावर लिहा: यकृत हेपॅटो, पित्त कोले, पित्ताशय कोलेसिस्टो, मुख्य पित्तनलिका कोलेडोको, स्वादुपिंड पॅनक्रिॲटो. पोटाचं आतलं अस्तर पेरिटोनिओ, पोटाची भिंत लॅपॅरो.

ड्युओडेनमचं नाव 'बारा' या लॅटिन शब्दावरून आलंय, कारण त्याची लांबी साधारण बारा बोटं, म्हणजे सुमारे 25 सेंटीमीटर. जेजुनम म्हणजे रिकामं. अशा गोष्टी वहीत कडेला लिहून ठेवा, लक्षात राहायला त्यांचा उपयोग होतो.

वर्तमानपत्रात 'गावात गॅस्ट्रोची साथ' असं येतं, तेव्हा ते गॅस्ट्रोएंटरायटिसबद्दल असतं, म्हणजे जुलाब-उलट्या. रिपोर्टमधला 'गॅस्ट्रो' मात्र फक्त जठर. 'गॅस्ट्रिक अल्सर'ला साथीच्या रोगात टाकू नका.

2. शब्द शेवटाकडून वाचा

काय झालंय किंवा काय केलंय हे शेपटीत असतं, कुठे झालंय हे आधी. म्हणून आधी शेपूट धरा.

आजार सांगणारी शेपटं:
- आयटिस: दाह. गॅस्ट्रायटिस, हेपॅटायटिस, पॅनक्रिॲटायटिस.
- लिथियासिस: खडे होणं.
- मेगाली: आकार वाढणं. हेपॅटोस्प्लेनोमेगाली म्हणजे यकृत आणि प्लीहा दोन्ही वाढलेले.
- ॲल्जिया किंवा डिनिया: दुखणं.
- इमेसिस: उलटी. पेप्सिया: पचन. फेजिया: गिळणं.
- सील: बाहेर आलेला फुगवटा. रेक्टोसील.

तपासणी-उपचाराची शेपटं:
- स्कोपी: नळीतून आत पाहणं.
- ग्राफी: प्रतिमा घेणं. ग्राम म्हणजे ती प्रतिमा.
- सेंटेसिस: सुई घालून पाणी काढणं. जलोदरात केलेलं पॅरासेंटेसिस वॉर्डात 'ॲसायटिक टॅप' म्हणून ऐकू येईल.
- रॅफी: टाके घालून शिवणं. हर्निओरॅफी.
- प्लास्टी: दुरुस्ती. हर्नियोप्लास्टीत बहुधा जाळी बसवतात, हर्निओरॅफीत नाही. विम्याच्या बिलात जाळीचा वेगळा खर्च दिसतो तो यामुळे, आणि कागदावर रॅफी लिहून बिलात जाळी आली की प्रश्न येणारच.

आता सुरुवातीचा शब्द घ्या. कोलेडोको + लिथियासिस: मुख्य पित्तनलिकेत खडा. पित्ताशयात असता तर कोलेलिथियासिस. खडा तोच, पण जागा बदलली की उपचार बदलतो. पित्ताशयातल्या खड्यासाठी बहुधा पित्ताशय काढतात. नलिकेतला खडा बहुधा आधी ईआरसीपी करून (तोंडातून दुर्बीण घालून) काढतात आणि पित्ताशयाचं नंतर पाहतात.

3. एक्टमी, ऑटमी, ऑस्टमी: इथे घाई नको

नवखे सगळ्यात जास्त इथेच चुकतात. भरभर बोललेलं ऐकलं तर तिन्ही सारखेच वाटतात.

एक्टमी म्हणजे काढून टाकणं, ऑटमी म्हणजे छेद देणं, ऑस्टमी म्हणजे तोंड तयार करणं. कोलेक्टमीत मोठ्या आतड्याचा भाग (किंवा सगळं) काढतात. कोलॉस्टमीत आतड्याचं तोंड पोटाच्या त्वचेवर आणून बसवतात आणि शौच बाहेरच्या पिशवीत येतं. लॅपॅरोटमीत पोट उघडतात, त्यात काही काढलंच असेल असं नाही.

ऑस्टमीचा एक नियम क्लासमध्ये सहसा कुणी नीट सांगत नाही. ऑस्टमीच्या आधी एकच अवयव असेल तर तोंड त्वचेवर उघडतं: गॅस्ट्रॉस्टमी, इलिऑस्टमी, कोलॉस्टमी. दोन अवयव असतील तर ते एकमेकांना जोडलेत, बाहेर काही नाही: गॅस्ट्रोजेजुनोस्टमी म्हणजे जठर थेट जेजुनमला जोडलं. हा नियम माहीत नसेल तर गॅस्ट्रोजेजुनोस्टमी झालेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना तुम्ही पिशवीची काळजी कशी घ्यायची ते समजावत बसाल, आणि ते बिचारे पिशवी शोधत बसतील.

याच कारणाने ऑपरेशनचं नाव फोनवर ऐकून कधीही नोंदवू नका. लेखी मागा.

4. कानावर नाही, स्पेलिंगवर विसंबा

देवनागरीत किंवा बोलण्यात सारखे वाटणारे पण कागदावर वेगळे असलेले शब्द पुष्कळ आहेत. मुख्य जोड्या अशा:

*कोले आणि कोलो.* 'सी'नंतर 'एच' असेल तर पित्त, नसेल तर मोठं आतडं. कोलेसिस्टेक्टमी आणि कोलेक्टमी यांची अदलाबदल म्हणजे पित्ताशयाऐवजी आतडं काढल्याची नोंद. 'एच' पाहून 'लॅप चोले' म्हणणारे भेटतात. उच्चार 'लॅप कोले' (पोटावर छिद्रं पाडून दुर्बिणीने पित्ताशय काढणं) असा आहे, छोल्यांशी त्याचा संबंध नाही.

*इलियम आणि इलियम.* स्पेलिंगमध्ये 'एल'नंतर 'ई' असेल तर लहान आतडं, 'आय' असेल तर कमरेचं हाड. 'ई फॉर ईटिंग' एवढं लक्षात ठेवा. गंमत म्हणजे 'राइट इलियॅक फॉसा' (पोटाचा उजवा खालचा भाग) हे नाव हाडावरून पडलंय, पण लहान आतड्याचा शेवट आणि अपेंडिक्स सापडतात तिथेच. इलियस हा तिसराच शब्द: आतड्याची हालचाल थांबणं.

*डिस्फेजिया आणि डिस्फेझिया.* 'जी' असेल तर गिळायला त्रास, 'एस' असेल तर बोलायला. पहिल्याची नोंद पोटविकारात शोधा, दुसऱ्याची मेंदूविकारात.

*पेरिटोनियल, पेरिनियल, पेरोनियल.* पोटाचं अस्तर, गुदद्वार आणि जननेंद्रियांमधला भाग, पोटरीच्या बाहेरची बाजू.

*हिमॅटेमेसिस आणि हिमॉप्टिसिस.* उलटीतून रक्त आणि खोकल्यातून रक्त. रुग्ण दोन्हींना 'तोंडातून रक्त पडलं' म्हणतो. खोकला होता का, मळमळ होती का, हे विचारल्याशिवाय कुठलाच शब्द लिहू नका.

*मेलेना आणि हिमॅटोकेझिया.* मेलेना म्हणजे डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच; रक्त बहुधा वरच्या भागातलं असतं आणि वाटेत पचून काळं होतं. हिमॅटोकेझिया म्हणजे लाल रक्त. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. म्हणून रुग्णाने 'काळी होते' म्हटलं की लगेच मेलेना लिहायचं नाही.

दुसरी अडचण ब्रिटिश-अमेरिकन स्पेलिंगची. आपल्याकडे दोन्ही चालतात, एकाच फाइलमध्येसुद्धा. इसोफॅगस 'ई'खाली सापडला नाही तर 'ओ'खाली बघा. जीईआरडी आणि जीओआरडी हा एकच आजार आहे (जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर येणं). हिम-ने सुरू होणाऱ्या शब्दांत 'ए' कधी असतो, कधी नसतो. संगणकावर शोधताना दोन्ही टाका.

5. रुग्णाचे शब्द: ही वेगळी भाषा आहे

लॅटिन-ग्रीक शब्दकोशात सापडतं, हे सापडत नाही. आणि इथे भाषांतराची घाई केली तर चूक थेट फाइलमध्ये जाते.

'पित्त झालंय' हे वाक्य घ्या. छातीत जळजळ आणि आंबट ढेकर असेल तर ॲसिडिटी. अंगावर उठलं असेल तर तो त्वचेचा प्रकार, अर्टिकेरिया. 'पित्ताने डोकं दुखतंय' म्हणणाऱ्याला कित्येकदा मायग्रेन असतो. आणि रिपोर्टमधलं पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा बाइल, ज्याचा या तिन्हींशी बहुधा संबंध नसतो. म्हणून पुढचा प्रश्न ठरलेला: 'पित्त म्हणजे नेमकं काय होतंय?'

'पिशवीचं ऑपरेशन झालंय.' बाईने सांगितलं तर बहुतेक वेळा गर्भाशय, पण पित्ताची पिशवीही असू शकते. जुना कागद मागा. नसेल तर ऑपरेशनचे व्रण कुठे आहेत ते डॉक्टर बघतील.

'दुर्बिणीने केलं.' एंडोस्कोपीही दुर्बीण आणि लॅपॅरोस्कोपीही दुर्बीण. पहिलीत तोंडातून किंवा गुदद्वारातून नळी जाते, पोटावर छिद्र नसतं. दुसरीत पोटावर लहान छिद्रं पाडतात आणि पूर्ण भूल लागते. संमतीपत्र समजावताना 'दुर्बीण' एवढं बोलून थांबू नका.

'खडा आहे.' पित्ताशयाचा की मूत्रमार्गाचा? मुतखडा हा दुसऱ्या विभागाचा रुग्ण.

'मूळव्याध आहे.' शौचाच्या जागेच्या सगळ्या तक्रारी या एका शब्दात येतात. मूळव्याधीत रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगतात, फिशरमध्ये चीर पडते आणि शौचाच्या वेळी कापल्यासारखं दुखतं, भगंदरात म्हणजे फिस्टुलात आतून बाहेरपर्यंत नळीसारखी वाट तयार होते आणि पू येतो. तिन्हींचे उपचार वेगळे.

'कावीळ.' हे लक्षण आहे, आजाराचं नाव नाही. विषाणूमुळे, पित्तनलिकेत खडा अडकल्यामुळे किंवा रक्तपेशी फुटल्यामुळेही डोळे पिवळे होतात. कावीळ ऐकून हेपॅटायटिस लिहिणं ही रेकॉर्ड विभागातली नेहमीची चूक.

'सूज.' यकृताला सूज म्हणजे दाह, आकारवाढ की नुसती चरबी? सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर, ग्रेड 1' असतं आणि घरी जाईपर्यंत त्याची 'लिव्हरला सूज' झालेली असते.

बाकी शब्द वहीत भरत जा: मुरडा, कळ, उमासे, करपट ढेकर, पोट फुगणं, आव पडणं (शौचात चिकट पदार्थ), रक्ती आव, पोट साफ न होणं, सारखं कुंथावं लागणं (टेनेस्मस). 'बेंबी सरकली' याला वैद्यकीय प्रतिशब्द शोधू नका. नेमकं कुठे दुखतंय ते विचारा. तक्रारीच्या रकान्यात रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहिणं कधीही बरं. निदान लिहिणं डॉक्टरांचं काम.

6. पोटाचे नऊ घर

दोन उभ्या, दोन आडव्या रेषा मारा. वरची ओळ: उजवं हायपोकाँड्रियम, एपिगॅस्ट्रियम, डावं हायपोकाँड्रियम. मधली: उजवा लंबर, अंबिलिकल, डावा लंबर. खालची: उजवा इलियॅक, हायपोगॅस्ट्रियम, डावा इलियॅक. उजवं-डावं रुग्णाचं, कागदाकडे बघणाऱ्याचं नाही. एवढं पुरे.

7. औषधांची शेपटं

'प्राझोल'ने संपणारी (ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल) जठरातलं आम्ल कमी करणारी, सहसा जेवणाआधी. 'टिडीन' (फॅमोटिडीन) तेच काम वेगळ्या मार्गाने. 'सेट्रॉन' (ऑनडॅन्सेट्रॉन) उलटी थांबवायला. गोळीच्या ब्रँडनावापुढे 'डी' किंवा 'डीएसआर' असेल तर आम्लाच्या औषधासोबत बहुधा डॉमपेरिडोनही आहे.

'झोल' ऐकून सगळी एका पिशवीत टाकू नका. फ्लुकोनाझोल बुरशीसाठी, अल्बेन्डाझोल जंतांसाठी, मेट्रोनिडाझोल अमीबा आणि काही जिवाणूंसाठी. आणि एरिपिप्राझोल हे तर मानसिक आजारावरचं औषध, शेवट प्राझोलसारखा दिसत असला तरी.

8. संक्षेप

ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेची तपासणी-उपचार), एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय), ओजीडी (अन्ननलिका-जठर-ड्युओडेनमची दुर्बीण तपासणी), एलएफटी (यकृताच्या कामाची रक्ततपासणी), सीबीडी (मुख्य पित्तनलिका), जीबी (पित्ताशय), पी/ए (पोटाची तपासणी), एनबीएम (तोंडाने काहीही नाही, पाणीसुद्धा नाही) हे लगेच लागतील.

घात करणारे संक्षेप वेगळ्या पानावर लिहा. पीआर: नाडीचे ठोके, आणि गुदद्वाराची तपासणीसुद्धा. पुढे आकडा असेल तर नाडी. बीएस: रक्तातली साखर किंवा आतड्यांचा आवाज. आरटी: नाकातून घातलेली राइल्स ट्यूब, किंवा रेडिओथेरपी, अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या फाइलमध्ये दोन्ही एकाच पानावर भेटतात. आयबीएस आणि आयबीडी: पहिल्यात आतड्याचं काम बिघडतं पण रचना ठीक असते, दुसऱ्यात खरोखर दाह असतो (क्रोन्स, अल्सरेटिव्ह कोलायटिस). विम्याच्या फॉर्मवर ते एक अक्षर चुकलं तर निस्तरता निस्तरत नाही.

9. आयसीडी-10 मध्ये पोट कुठे

अकरावं प्रकरण, 'के' अक्षर. के20 ते के31 अन्ननलिका-जठर-ड्युओडेनम, के35 ते के38 अपेंडिक्स, के40 ते के46 हर्निया, के50 ते के52 संसर्ग नसलेले आतड्याचे दाह, के55 ते के64 आतड्याचे इतर आजार, के70 ते के77 यकृत, के80 ते के87 पित्ताशय-पित्तनलिका-स्वादुपिंड.

पण पोटाचा प्रत्येक आजार 'के'मध्ये नसतो. संसर्गाचे जुलाब, कॉलरा, टायफॉइड, अमीबा ए00 ते ए09 मध्ये. आतड्याचा क्षयरोग ए18 मध्ये. विषाणूजन्य हेपॅटायटिस बी15 ते बी19. कॅन्सर सी15 ते सी26. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा आय85, कारण त्या रक्तवाहिन्यांत मोडतात. मूळव्याध जुन्या आवृत्त्यांत आय84 होती, नंतर के64 वर आली; जुन्या फाइल तपासताना गोंधळू नका. निदान झालेलं नसेल, नुसतं लक्षण असेल, तर 'आर': पोटदुखी आर10, मळमळ-उलटी आर11, गिळायला त्रास आर13, कावीळ आर17, जलोदर आर18. निदान लिहिलेलं असताना त्याच आजाराच्या लक्षणाचा 'आर' कोड मुख्य म्हणून देऊ नका.

10. रोज एक कार्ड फोडा

नवे शब्द दिवसाला दहाच. पण एक डिस्चार्ज कार्ड रोज, पेन्सिलीने शब्दांचे तुकडे पाडून. नमुना म्हणून एक बनवलेलं:

'45 वर्षे, स्त्री. एपिगॅस्ट्रिक पेन, व्हॉमिटिंग, 3 दिवस. पी/ए: सॉफ्ट, राइट हायपोकाँड्रियम टेंडर, मर्फीज साइन पॉझिटिव्ह. यूएसजी: कोलेलिथियासिस, जीबी वॉल थिकन्ड, सीबीडी नॉट डायलेटेड. डायग्नोसिस: ॲक्यूट कॅल्क्युलस कोलेसिस्टायटिस. एनबीएम, आयव्ही फ्लुइड्स. लॅप कोले डन.'

उकल: पोटाच्या वरच्या मधल्या भागात दुखणं आणि उलट्या. पोट मऊ, उजवीकडे बरगडीखाली दाबल्यावर दुखतं. मर्फीज साइन म्हणजे तिथे दाबून धरलेलं असताना खोल श्वास घ्यायला सांगितला की दुखून श्वास मध्येच थांबतो. पित्ताशयात खडे, भिंत जाड झालेली, मुख्य नलिका फुगलेली नाही, म्हणजे सोनोग्राफीत तरी नलिका अडल्याची खूण नाही. खड्यांमुळे पित्ताशयाला तीव्र दाह. तोंडाने काही नाही, सलाइन चालू, आणि पोटावर छिद्रं पाडून पित्ताशय काढलं.

कोड के80.0. नवखे इथे के81.0 देतात, कारण 'ॲक्यूट कोलेसिस्टायटिस' तिथेच आधी सापडतं. 'कॅल्क्युलस' म्हणजे खडा, आणि खडा असला की के80 मध्ये जायचं. के81 खड्याशिवायच्या दाहासाठी आहे.